शेवटच्या बाकापर्यंत आवाज

आमच्या शाळेतलं पोर बाजारात भेटलं तर ओळखायला गणवेश बघावा लागत नाही. ते दुकानात वही मागतं तेव्हा रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघतो. मान सरळ, तोंड उघडं, शब्द न् शब्द सुटा, आणि आवाज असा की दुकानाला आग लागलीय असं वाटावं. ही सगळी करणी एका माणसाची. मुलं त्यांना ‘मागचे सर’ म्हणतात, आणि त्यांच्या माघारी आम्ही शिक्षकही तेच म्हणतो.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात निम्मं वर्ष मी नाटकाचे पडदे रंगवते, पुठ्ठ्याची झाडं कापते आणि कोणाला तरी मिशा चिकटवते. हे काम मागच्या सरांनी माझ्या गळ्यात मारलं. “बाई, एक खिडकी पाहिजे होती फक्त,” असं म्हणत एकदा माझ्या वर्गात आले, आणि त्या एका खिडकीमागून हळूहळू घर, रस्ता, पोलीस चौकी आणि अख्खं जहाज आलं. तेव्हा मी त्यांच्याबद्दल जे सांगतेय ते नुसतं प्रेमापोटी आहे असं कोणी समजू नये. प्रेम आहे, पण त्याच्या आधी वैताग आहे.

ते आले होते इतिहास शिकवायला. वार्षिक कार्यक्रमाचं नाटक कोणी बसवायचं यावरून शिक्षकांच्या खोलीत सगळे एकमेकांची तोंडं बघत होते, तेव्हा रीतीप्रमाणे ते घोंगडं नव्या माणसाच्या गळ्यात पडलं. नव्या माणसाने कुरकुर केली नाही, हेच सगळ्यांना विचित्र वाटलं. पहिल्या तालमीला त्यांनी मुलांना रंगमंचावर उभं केलं आणि स्वतः सभागृहाच्या पार टोकाला जाऊन शेवटच्या बाकावर पाय पसरून बसले. तिथून म्हणाले, “मी थकून आलोय. बायकोशी भांडण झालंय. पुढे एक उंच माणूस बसलाय, त्यामुळे धड दिसतही नाही. आता मला गोष्ट सांगा.” मुलं आधी हसली, मग सांगायला लागली, आणि सरांना ऐकू जाईपर्यंत सांगत राहिली. तेव्हापासून ते मागचे सर झाले.

शिकवायचे मात्र असं, की मी ब्रश हातात धरून बघत बसायची. रडायचा प्रसंग आला की म्हणायचे, “रडू नकोस. रडू आलेला माणूस रडत नाही, तो चप्पल शोधतो. तू चप्पल शोध. रडायचं काम लोक करतील.” मुलांच्या जोड्या लावून एकाला रिकामा ग्लास काठोकाठ भरल्यासारखा आणायला सांगायचे, आणि दुसऱ्याने तो घेताना किती सांडलं ते बाकीच्यांनी ओळखायचं. ज्या मुलाला वर्गात फळ्यापर्यंत जाताना घाम फुटायचा, ते त्यांच्या तासाला राजासारखं चालायचं. इतिहासात नापास होणारी मुलं नाटकाच्या तासाला अर्धा तास आधी येऊन दारात उभी राहायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि अशी गोष्ट शाळेत क्वचित घडते.

वर्षं गेली तसे मागचे सर एकेक रांग पुढे सरकत गेले. शेवटच्या बाकावरून मधल्या, मधल्या बाकावरून तिसऱ्या. नाव मागचंच राहिलं, त्यामुळे ते पुढचे कधी झाले ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलांचा आवाज मात्र वाढत गेला. त्यात त्यांनी एक नियम केला, ‘बोलताना तोंड माझ्याकडेच पाहिजे.’ मग आमच्या नाटकात आई मुलाशी बोलताना मुलाकडे पाहीना आणि चोर पोलिसाकडे पाहीना. सगळे प्रेक्षकांकडे बघून एकमेकांशी बोलायचे. एका स्पर्धेत परीक्षकांनी लिहिलं, की मुलं वर्गाच्या फोटोला उभी राहिल्यासारखी वाटतात. सर आठवडाभर धुमसत होते. “परीक्षकाला काय कळतंय? शेवटच्या बाकापर्यंत शब्द गेला ना?” असं त्यांनी मला चारदा तरी ऐकवलं.

या सगळ्यातला त्यांचा हिरा म्हणजे भोंगा. नववीतला मुलगा, पाचवीपासून प्रत्येक नाटकात. त्याचं खरं नाव शिक्षकांनासुद्धा आठवून सांगावं लागायचं. तो रंगमंचावर बोलला की खिडक्यांची तावदानं थरथरायची, आणि सर मांडीवर थाप मारून म्हणायचे, “शाबास! याला म्हणतात आवाज!” भोंगा त्या एका ‘शाबास’वर आठवडा काढायचा. घरी त्याला कोणी शाबास म्हणत असेल असं मला त्याच्याकडे बघून कधी वाटलं नाही.

त्या वर्षीचं स्पर्धेचं नाटक छोटं होतं. मुलगा कामासाठी दूर निघालाय, बहुतेक परत येणार नाही. आई त्याच्या शर्टाला इस्त्री करतेय. दोघांनाही सगळं माहीत आहे, पण कोणी बोलत नाही. आई एवढंच म्हणते, “कॉलर अजून ओली आहे. वाळेपर्यंत थांब.” मुलगा अर्थातच भोंगा. आईसाठी सरांनी सगळ्या मुलींना एकही शब्द न बोलता कपड्यांच्या घड्या घालायला लावल्या, आणि त्यातून वर्षाच्या मध्येच दुसऱ्या शाळेतून आलेली एक मुलगी निवडली. मुलं तिला म्यूट म्हणायची. हजेरीला ती ‘उपस्थित’ म्हणायची ते वर्गशिक्षिकेला तिच्या मानेवरून कळायचं. जुन्या मुली चिडल्या. “कानामागून आली आणि तिखट झाली,” असं त्यातली एक मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालीसुद्धा. पण म्यूटने शर्टाची बाही अशी सरळ केली होती, की आत हात आहे असं वाटावं. निवड चुकली नव्हती.

घड्या संपून शब्द सुरू झाले आणि घोडं अडलं.

मी त्या दिवशी शेवटच्या बाकाच्याही मागे, जमिनीवर फतकल मारून नाटकातली खिडकी रंगवत होते. पाठ रंगमंचाकडे. मागून आवाज आला, “कॉलर अजून ओली आहे. वाळेपर्यंत थांब.” माझा ब्रश तिथल्या तिथे थांबला. माझा मुलगा परगावी राहतो. तो निघायच्या दिवशी मी त्याला डब्याचं झाकण नीट बसत नाही, दुसरं देते, थांब, असं म्हटलं होतं. या मुलीला ते कोणी सांगितलं असं मला वाटून गेलं. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सरांचा आवाज, “ऐकू येत नाही!”

ती पुन्हा म्हणाली. सर पुन्हा, “ऐकू येत नाही! पोटातून!” तिसऱ्यांदा तिने जीव एकवटून ओरडून सांगितलं, आणि मुलाला थांब म्हणणारी आई जाऊन तिथे बसथांब्यावरची कंडक्टरीण उभी राहिली. सरांनी मान हलवली. म्हणाले, “उद्या बघू. नाही जमलं तर दुसरी मुलगी उभी करू.” म्यूटने शर्ट घडी करून टेबलावर ठेवला आणि ती खाली उतरली.

मी खिडकीपुढे बसून राहिले. मी शेवटच्या बाकामागे, पाठमोरी, आणि मला तिचा श्वाससुद्धा ऐकू आला होता. सर तिसऱ्या रांगेत, समोर. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. शिक्षकांच्या खोलीत सर नेहमी भिंतीला पाठ लावून बसतात, म्हणजे सगळ्यांचे चेहरे समोर राहतात. फोन उचलत नाहीत, ‘लिहून पाठवा’ म्हणतात. कोणी विनोद केला की सगळे हसून झाल्यावर हसतात, आणि मग जरा जास्तच हसतात. आम्ही त्यांना ट्यूब उशिरा पेटते म्हणून चिडवायचो.

सरांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. त्या एका दवाखान्यात खिडकीत बसून पेशंटचे नंबर पुकारतात. शाळा सुटल्यावर मी तिथे गेले आणि खिडकीत वाकून सरळच विचारलं, “वहिनी, सरांना ऐकायला कमी येतं ना?”

वहिनींनी आधी पुढचा नंबर पुकारला. मग म्हणाल्या, “कमी नाही. उजवा गेलाच. डावा चाललाय.”

“मग डॉक्टर?”

“डॉक्टरच्या दारात बसून नोकरी करते मी, आणि नवऱ्याला आत नेता येत नाही. हसू नका.” मी हसत नव्हते. “सासऱ्यांचं पाहिलंय ना त्यांनी. पत्र्याचे डबे ठोकायच्या कारखान्यात होते सासरे. कान गेले तसं एक दिवस साहेबाने सांगितलं, तुम्ही आता घरी बसा. मग दाराच्या पायरीवर बसलेले असायचे. येणारा-जाणारा त्यांच्याशी असा बोलायचा, जसे काही कान नाही, डोकंच गेलंय. सगळे हसले की तेही हसायचे, जरा मागून. ह्यांना तेच दिसतं डोळ्यासमोर. म्हणतात, यंत्र लावलं की शाळेला कळणार, कळलं की नाटक काढून घेणार. इतिहास ठेवतील, तो पुस्तकात आहे, त्याला कान लागत नाही. नाटक गेलं तर मी काय करू, म्हणतात.”

“आणि तोवर पोरं ओरडतायत.”

“घरी मीही ओरडतेच,” वहिनी म्हणाल्या. “इथे नंबर पुकारून पुकारून सवय झालीय, म्हणून कळत नाही एवढंच.”

दुसऱ्या दिवशी तालमीच्या आधी सर एकटेच सभागृहात सामान लावत होते. मी माझ्या रंगवलेल्या खिडकीच्या फळीमागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “सर, त्या मुलीला काढू नका.” उत्तर नाही. जरा मोठ्याने म्हटलं. सर इस्त्रीची वायर गुंडाळत होते. मग म्हटलं, “सर, सभागृहाला आग लागलीय.” ते वायरचं टोक शोधत राहिले.

मी बाहेर आले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग त्या फळीकडे, मग पुन्हा मला. हुशार माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. चेहरा उतरला.

“मला ती ऐकू आली होती काल,” मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवत म्हटलं. “शेवटच्या बाकाच्या मागून. अशी ऐकू आली, की मला घरी जाऊन मुलाला फोन करावा लागला.”

“खोटं आहे.”

“नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय तुमचं. स्वतःला ऐकू येईना आणि पोरं मुकी.”

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही रंग लावा.”

आणि इस्त्री टेबलावर ठेवून ते बाहेर निघून गेले. मला वाईट वाटलं, पण माघार घ्यावी इतकं नाही. मुलगी चांगली होती, आणि दुसरं कोणी हे त्यांना सांगणार नव्हतं.

मुलं आली. म्यूट भिंतीशी उभी राहिली. ती जागा गेलीच असं धरून चालली होती. दुसरी मुलगी आईची ओढणी डोक्यावरून घेऊन तयार होती. सर परत आले, पण तिसऱ्या रांगेत बसले नाहीत. रंगमंचाच्या पायरीशी उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, “खरं सांगायचं. हिचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं का?”

कोणी तोंड उघडेना. एरवी रस्त्यापलीकडे ऐकू जाणारी चाळीसभर पोरं, पण त्या क्षणी एकाला कंठ फुटेना. सरांच्या विरुद्ध बोलायचं कसं? शेवटी भोंगा म्हणाला, “येतं सर. पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही म्हणालात येत नाही. आम्हाला वाटलं, आमचंच काहीतरी चुकतंय.”

सर म्हणाले, “तिचं काही चुकत नाही. तुमचंही नाही. माझे कान गेलेत. मी लपवत होतो.” एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या मुलीकडून ओढणी मागून घेतली आणि म्यूटच्या हातात दिली. मग कोणी विचारायच्या आत तसेच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मोठ्या बाई आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “यंत्र लावून बघा. स्पर्धा होऊ द्या. मग तासाचं काय ते ठरवू.” म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. मोठ्या बाईंची सगळी उत्तरं अशीच असतात. पण सरांच्या पायाखालची जमीन तेव्हापासून सरकलेलीच होती, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

त्याच आठवड्यात दवाखान्यात वहिनींनी नवऱ्याचा नंबर पुकारला.

यंत्र लावून आले त्या दिवशी सर शिक्षकांच्या खोलीत कावरेबावरे बसले होते. कोणी पान उलटलं की दचकत. कपाटाचं दार वाजलं की मान वळवत. मला म्हणाले, “बाई, तुमच्या बांगड्या वाजतात.” मी म्हटलं, “वीस वर्षं वाजतायत.” त्यांनी मान हलवली आणि तालमीला चला म्हणून उठले.

त्यांनी नाटक सुरुवातीपासून लावलं. पहिला प्रवेश भोंग्याचा. तो दारातून आला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, “आई, माझी पिशवी कुठे आहे?”

सरांचा हात झटकन कानाकडे गेला. कोणी मारल्यासारखे ते मागे सरले. भोंगा थांबला. “चालू दे, चालू दे,” सर म्हणाले. भोंग्याने पुढचं वाक्य टाकलं, शेजारच्या मुलाने टाकलं, शेजारणीचं काम करणारी मुलगी बोलली. सगळ्यांचं तोंड सरांकडे, शिरा ताणलेल्या. सर एकेकाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पालटत चालला होता. माझ्या बाजूला येऊन अगदी लहान आवाजात म्हणाले, “हे असं बोलतात? नेहमी?”

“नेहमी,” मी म्हटलं.

“हे मी शिकवलं.”

खोटं बोलायचं तर मला तेव्हा सुचलं नाही, आणि खरं त्यांना कळलंच होतं.

मग म्यूटची पाळी आली. तिने कॉलर बोटांनी चाचपली आणि मुलाकडे न बघता म्हणाली, “कॉलर अजून ओली आहे. वाळेपर्यंत थांब.” सर तिसऱ्या रांगेच्या बाकावर बसले. यंत्रातून ते त्यांना कसं ऐकू आलं कोण जाणे, पण आलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. डोळे भरून आले होते. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

थोड्या वेळाने उठले आणि म्हणाले, “आता सगळ्यांनी असंच. हळू. एकमेकांकडे बघून बोला.”

मुलांना ते जमेना. हळू म्हटलं की ती कुजबुजायला लागली, आणि कुजबुजायचं सोडलं की पुन्हा बाजार भरला. एकमेकांकडे बघितलं की त्यांना हसू फुटायचं, कारण बोलणाऱ्याकडे बघायची सवयच नव्हती. भोंग्याने तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज मध्येच चिरकला आणि तो थांबला. बाकीचे हसले, तो नाही हसला. रंगमंचाच्या कडेशी येऊन उभा राहिला.

“सर,” तो म्हणाला, “पाचवीपासून तुम्ही मला शाबास म्हणताय.”

“हो.”

“मग मी चांगलं करत नव्हतो?”

सरांनी ‘नाही रे, तू छानच करतोस’ असं म्हणावं असं मला फार वाटलं. कोणीही तसंच म्हटलं असतं. मी असते तर नक्की म्हटलं असतं.

सर त्याच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. “मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मला एवढ्या सगळ्यांत तू एकटाच ऐकू यायचास.”

भोंग्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, दारापर्यंत मागे गेला, आणि म्यूटकडे तोंड करून, घरात विचारावं तसं विचारलं, “आई, माझी पिशवी कुठे आहे?” मग वळून म्हणाला, “हे कसं होतं?”

“वाक्याच्या शेवटी घाई केलीस,” सर म्हणाले. “आणि पिशवी हवी आहे असं वाटलं नाही. पुन्हा ये.”

तो पुन्हा दारामागे गेला.